रविवारांची फी

लिओना बेट्झला खोटं बोलता येत नाही, हे आमच्या सेंट ओडिल गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बहुतेकांना त्याचा त्रासच व्हायचा. चर्चच्या जेवणात एखादी नवी सून केक करून आणायची आणि कसा झालाय म्हणून विचारायची. बाकीच्या बायका तोंडात घास धरून माना डोलवायच्या. लिओना म्हणायची, "कोरडा आहे." पुढे सल्ला नाही की मागे टोमणा नाही. तुम्ही विचारलंत, तिने सांगितलं. टर्की पक्षी कापायच्या प्लँटमध्ये मी निम्मं आयुष्य तिच्या शेजारी उभी राहून काढलं. त्या काळात माझा स्वयंपाक, माझा नवरा आणि माझे केस यांबद्दल तिच्या तोंडून जे ऐकलं, ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. तरी मैत्री टिकली. ती माझ्या पाठीमागेही तेवढंच बोलायची, जेवढं तोंडावर बोलायची. आमच्या गावात ही फार दुर्मिळ गोष्ट आहे.

तिचा नवरा ॲम्ब्रोज फर्निचरच्या कारखान्याचा ट्रक चालवायचा. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. ॲम्ब्रोज दिलदार, गप्पिष्ट, पत्त्यांचा शौकीन. लिओना घरात असली की घर शांत असायचं आणि तो आला की भरून जायचं. मग त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, ट्रक गेला, आणि तो दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या ओळखायला लागला.

आता प्लँटबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कापणीच्या लाइनवर जायचं तर पांढरा कोट, त्यावर रबराचा एप्रन, बाह्यांवर बाह्या, केसांची जाळी, सुरीने कापला जाणार नाही असा मोजा आणि वर रबरी मोजा, गुडघ्यापर्यंत बूट, असं सगळं चढवावं लागायचं. ते चढवून, हात धुऊन, रांगेत उभं राहून मग हजेरीचं कार्ड मारायचं. सुटताना उलटं. आधी कार्ड, मग ते सगळं उतरवणं, धुणं, टांगणं. म्हणजे कपडे चढवायचा आणि उतरवायचा वेळ आमचा, बिनपगारी, आणि मधला प्लँटचा. ही रीत कुणी घातली ते ठाऊक नाही. हिवाळ्यात थंडी असते तशी ती होती. थंडीबद्दल तक्रार करतात, पण खटला भरत नाहीत.

लिओनाने भरला. म्हणजे तिला भरायचा नव्हता, तिने फक्त विचारलं. ॲम्ब्रोजच्या झटक्यानंतर मृत्युपत्र करायला वकील वॉरन टुली घरी आला होता. चपला-जोड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याची कचेरी होती. मृत्युपत्रं, शेताच्या हद्दी, दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेली पोरं, एवढाच त्याचा धंदा. वय चाळिशीचं, लग्न झालेलं नाही, सदऱ्याची कॉलर झिजलेली. काम आटोपल्यावर लिओनाने त्याला विचारलं, "एप्रन बांधणं हे काम आहे की नाही?" वॉरनला वाटलं ती चेष्टा करतेय, म्हणून तो हसला. लिओना चेष्टा करत नाही, हे कुणीतरी त्याला आधी सांगायला हवं होतं. मग त्याचं हसू थांबलं, आणि तो तिथेच परत खुर्चीवर बसला.

दावा दाखल झाला तो "लिओना बेट्झ आणि तिच्यासारखे इतर सर्व" अशा नावाने. ते इतर सर्व म्हणजे आम्ही, चौदाशेच्या आसपास माणसं. काही अजून लाइनवर, काही निवृत्त, काही स्मशानात. वॉरन आमच्याकडून एक डॉलरही घेणार नव्हता. हरलो तर त्याचं नशीब. जिंकलो तर मिळेल त्याचा तिसरा हिस्सा त्याचा, आणि तोही कोर्टाने मान्य केला तर. आम्ही हसतखेळत सह्या ठोकल्या. जे मिळणारच नाही त्याचा तिसरा हिस्सा द्यायला कुणाचं काय जातं?

पहिल्या वर्षी वॉरन दर रविवारी लिओनाकडे यायचा. आम्हाला तोच एक वार मोकळा, आणि ॲम्ब्रोजला एकटं टाकून ती कचेरीत जायची नाही. तो प्रश्न विचारायचा, लिहून घ्यायचा. जेवायची वेळ झाली की लिओना त्याच्यासमोर ताट ठेवायची, कारण माणूस घरात असताना आपण जेवायचं आणि त्याला बघत बसवायचं, हे तिला जमत नव्हतं. कोंबडी, कुस्करलेले बटाटे आणि त्यावर घरच्या नूडल्स. एका रविवारी ॲम्ब्रोजने पत्ते पुढे करून त्याला विचारलं, युकर खेळतोस का? चौथा भिडू म्हणून रस्त्यापलीकडून मला हाक मारली. ॲम्ब्रोज डाव्या हाताने पत्ते टाकायचा आणि उजव्या हाताने खेळायचा तसाच लबाडीने जिंकायचा. दुसऱ्या वर्षी वॉरनचे कागद बॅगेतच राहायला लागले. तिसऱ्या वर्षी बॅग गाडीतच राहायला लागली.

दाव्याचं म्हणाल तर तो रखडत होता, आणि रखडायला एकदा लिओनाही कारण झाली. प्लँटच्या वकिलांनी तिची जबानी घेतली. तिला विचारलं, कार्ड मारायच्या आधी कपडे चढवा, असं तुमच्या मुकादमाने तुम्हाला कधी सांगितलं होतं का? नुसतं हो म्हटलं असतं तरी काम झालं असतं. आमच्यातल्या कुणीही म्हटलं असतं. मी तर मुकादमाच्या आवाजाची नक्कलही करून दाखवली असती. लिओना म्हणाली, "नाही. तोंडाने कधी सांगितलं नाही." त्या एका उत्तरावर त्यांनी आमचा दावा जवळजवळ बुडवला. तो परत वर काढायला वॉरनला दोन वर्षं लागली, आणि खर्चासाठी घर गहाण टाकावं लागलं. घर म्हणजे खाणीजवळचं दोन खोल्यांचं, पण मागे अक्रोडाची झाडं असलेलं. त्याने ते स्वतः रंगवलेलं होतं. जबानीनंतरच्या रविवारी तो आला तेव्हा मी त्याच्या बाजूने तणतणले. लिओनाने मला थांबवलं. "मुकादम नुसता दारात उभा राहून बघायचा. सांगायचा नाही. मग सांगितलं कसं म्हणू?" वॉरनने पत्ते पिसले आणि म्हणाला, "इर्मा, तूच उतारी कर." एवढ्यावर तो विषय संपला. तेव्हापासून तो माणूस मला आवडायला लागला.

पाचव्या वर्षी पैसे संपले तेव्हा त्याने शिकागोची एक मोठी कचेरी जोडीला घेतली. तिथून मिस हालोरन यायची. हुशार, भरभर चालणारी, आमच्याशी बोलताना जरा मोठ्याने बोलणारी. तिच्या कचेरीने खर्च उचलला, पण जे मिळेल त्यातून त्यांचा वाटा आधी निघणार होता. वॉरनला उरेल ते.

त्याच्या पुढच्या वर्षी ॲम्ब्रोज गेला. खांदा देणाऱ्यांत वॉरन होता. नंतर तो रविवारी येत राहिला, आणि चौथा भिडू नाही म्हणून आम्ही तिघं रमी खेळायला लागलो. तो कधी पन्हाळीतला पाला काढायचा, कधी नुसता बसायचा. लिओना त्याला कॉलर बदल म्हणायची, तो हो म्हणायचा आणि बदलायचा नाही. दाव्याचा विषय महिनोन्‌महिने निघायचा नाही.

अकराव्या वर्षी प्लँट विकला गेला. नव्या मालकांना जुनी कटकट नको होती, त्यामुळे तडजोड झाली. आम्हाला खरंच पैसे मिळणार होते. गावाने दोन दिवस वॉरनला डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी हिशोब केला.

व्हर्जिल निस फोर्कलिफ्ट चालवायचा. आता निवृत्त आहे आणि सगळा दिवस बारमध्ये मोकळा असतो. तो म्हणायला लागला, "खांदे आपले निकामी झाले, आणि तिसरा हिस्सा त्याला? त्याच्या हाताला कधी टर्कीचा वास तरी लागला का?" लोकांनी होकाराच्या माना हलवल्या. मला याचा फार राग आला. एप्रनची गाठ मारायला लागणारं मिनिटदेखील काम आहे, असं ओरडत आम्ही अकरा वर्षं भांडलो. आता तीच माणसं वकिलाच्या मिनिटांकडे वाकून बघत होती. लिओनालाही सोडलं नाही. दुकानात एकीने तिला विचारलंच, "तुझ्या वकिलाबरोबर तुझाही वेगळा वाटा असेल ना गं?" लिओना म्हणाली, "थोडा आहे. कोर्ट देईल तो." बोलणारीचं तोंड बंद झालं, पण गावाचं झालं नाही. व्हर्जिलने कोर्टाकडे रीतसर हरकत पाठवली.

त्यातच जुने न्यायाधीश निवृत्त झाले आणि पेनिंग्टन म्हणून नवे आले. त्यांनी सांगितलं, तिसरा हिस्सा मागता ते ठीक, पण किती तास काम केलंत तेही दाखवा. काम आणि पैसा यांचा मेळ बसतो का ते मला पाहायचंय. मिस हालोरनच्या कचेरीत सगळे सहा-सहा मिनिटांचा हिशोब रोजच्या रोज लिहितात. वॉरनने काहीच लिहिलं नव्हतं. हिश्श्यावर काम करणारा गावाकडचा वकील तास कशाला लिहील? त्याला तासाचे पैसे कुणी देतच नाही. आता त्याला अकरा वर्षं आठवून लिहावी लागली, आणि ती फार थोडी भरली. मग त्याने रविवार लिहिले.

हे आम्हाला कळलं ते त्याच्याच तोंडून. ऑगस्ट होता. लिओनाच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी टोमॅटो बरण्यांत भरत होतो. तो बुधवारी आला, तेव्हाच मला काहीतरी बिनसल्याचं कळलं.

"मिसेस बेट्झ, तुम्हाला एव्हान्सव्हिलला कोर्टात यावं लागेल," तो दारातच म्हणाला.

"कशाला? तडजोड झाली ना?"

"फीची सुनावणी आहे. न्यायाधीश तुम्हाला विचारणार आहेत." तो थांबला. "मी तुमच्याकडचे रविवार तासांत धरलेत. अशिलाशी चर्चा म्हणून."

"कुठले रविवार?"

"सगळे."

लिओनाने हातातली बरणी खाली ठेवली. "ॲम्ब्रोज गेला तो पण?"

"तो नाही," वॉरन घाईने म्हणाला. "तो नाही धरला."

"तू काम करत होतास, वॉरन?"

वॉरनने माझ्याकडे पाहिलं. मी काय मदत करणार होते? "पहिल्या वर्षी," तो म्हणाला. मग एकदम, तोंडातला खडा थुंकावा तसं म्हणाला, "फी कापली तर शिकागोवाल्यांचा वाटा जाऊन माझं कर्ज फिटत नाही. घर जातं. नाहीतर मी ते लिहिलं नसतं. तुम्ही काय सांगायचं ते मी सांगायला आलो नाही. विचारणार आहेत, एवढंच सांगायला आलो."

तो बसला नाही, पाणीसुद्धा प्यायला नाही. गाडीचा आवाज लांब गेल्यावर मी तोंड सोडलं. निर्लज्ज म्हटलं, मतलबी म्हटलं, याच्या घशात घातलेल्या नूडल्सची पण फी लावली असेल म्हटलं. लिओना झाकणं लावत राहिली. शेवटी म्हणाली, "घर जाईल म्हणाला."

"जाऊ दे ना मग."

"इर्मा," ती म्हणाली, "त्याला खरंच ते काम वाटत असेल तर? आपल्याला काय माहीत?"

तिच्या आवाजात असं काही मी आधी ऐकलं नव्हतं. ॲम्ब्रोज गेल्यानंतर तिच्याकडे यायला मी होते आणि तो होता. मी रस्त्यापलीकडे राहते, माझं येणं कुणी धरत नाही. तो मात्र आपणहून येतो, असं तिला वाटत आलं होतं. मी पुढची बरणी तिच्याकडे सरकवली.

त्या रविवारी तो आला नाही, आणि पुढच्याही नाही. आम्ही दोघींनी रमी खेळून पाहिली. लिओना जिंकली, पण पत्ते लवकर आवरून ठेवले.

सुनावणीला मीच तिला गाडीतून नेलं. तिने अंत्यविधीला घालायचा निळा पोशाख घातला होता. वाटेत मी दोनदा विचारलं, काय सांगणार आहेस? ती खिडकीबाहेर मक्याची शेतं बघत होती. मला वाटलं, विचारायचं काय त्यात? एका शब्दासाठी जिने आम्हा सगळ्यांचा दावा बुडवायला काढला होता, ती आता काय वेगळं सांगणार? मला वॉरनचा राग होता, तरी त्याच्या अक्रोडांची कीव आली.

कोर्टात गर्दी नव्हती. प्लँटचा वकील मागे पाय पसरून बसला होता. मालकांचे पैसे त्यांच्या खिशातून गेलेच होते, ते आम्ही आणि वॉरन आपसात कसे वाटून घेतो याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. व्हर्जिल पहिल्यांदा बोलला. टोपी हातात धरून, बारमध्ये बोलायचा त्यापेक्षा निम्म्या आवाजात. न्यायाधीशांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि त्याचे आभार मानले, तेव्हा तो इतका गोंधळला की त्यानेही आभार मानले. मग मिस हालोरनने टक्केवारी सांगितली. वॉरन तिच्या शेजारी बसला होता. कॉलर नवी होती.

मग लिओनाला बोलावलं. तिने शपथ घेतली. न्यायाधीश पेनिंग्टन बारीक आवाजाचे, सभ्य गृहस्थ होते.

"मिसेस बेट्झ, मिस्टर टुली रविवारी तुमच्या घरी यायचे?"

"हो."

"दर रविवारी?"

"बर्फ असला तरी."

"आणि आल्यावर ते या दाव्याचं काम करायचे?"

वॉरनने नजर टेबलावर लावली होती.

"हो," ती म्हणाली. "काम करायचा."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चुकलं.

"पूर्ण वेळ?" न्यायाधीशांनी विचारलं.

"पूर्ण वेळ. काम झालं की निघून जायचा." तिने दोन्ही हात समोरच्या कठड्यावर ठेवले. "दुसऱ्या कशासाठी तो आमच्याकडे कधी आलाच नाही."

ती हे सरळ, न अडखळता म्हणाली, केक कोरडा आहे म्हणायची तशीच. तिथे बसलेल्या माणसांत फक्त आम्हा तिघांना माहीत होतं की ती खोटं बोलतेय. त्या वाक्यात ती काय फेकून देत होती तेही आम्हा तिघांनाच माहीत होतं. ॲम्ब्रोजची खुर्ची रिकामी झाल्यानंतर तिच्याकडे जे उरलं होतं, ते तिने वॉरनच्या घरासाठी शपथेवर देऊन टाकलं. मला उठून ओरडावंसं वाटलं, पण काय ओरडणार? खरं सांगितलं तर वॉरनचं घर जातं, आणि गप्प बसलं तर हिचं सगळं जातं.

न्यायाधीश लिहायला लागले. तेवढ्यात वॉरन उठला. मिस हालोरनने त्याची बाही धरली, ती त्याने सोडवली.

"युवर ऑनर, हे बरोबर नाही," तो म्हणाला. "पहिल्या वर्षाचे सोडून बाकीचे रविवार मी मागे घेतो. ते मी लिहायलाच नको होते."

"मिस्टर टुली, तुमच्या अशिलाने आत्ताच शपथेवर सांगितलंय."

"ती माझ्यासाठी सांगतेय. मी तिथे जेवायला जात होतो. पत्ते खेळायला जात होतो. दाव्याचं कुणी नावही काढायचं नाही." त्याचा आवाज चिरकला, तसा तो थांबला आणि मग म्हणाला, "मला तिथे जायला आवडायचं. एवढंच."

मिस हालोरनने डोळे मिटले. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि लिओनाकडे वळून हळू आवाजात विचारलं, "मिसेस बेट्झ, तुम्हाला तुमचं उत्तर बदलायचं आहे का?"

लिओना कानापर्यंत लाल झाली होती. "बदललं ना त्याने," ती म्हणाली. "आता मी काय बदलू?"

मागे प्लँटचा वकील हसला. न्यायाधीश हसले नाहीत. शपथ ही काय गोष्ट असते ते त्यांनी तिला दोन वाक्यांत सांगितलं, रागावून नाही, पण सांगितलं. तिचं उत्तर मागे घेतलं असं धरतो म्हणाले. लिओना मान खाली घालून उभी होती. तिला कुणी असं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं, कारण तशी वेळच तिने कधी आणली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी निकाल वाचला. दावा अवघड होता, वकिलांनी जोखीम घेतली, कामही चांगलं केलं, हे सगळं त्यांनी मान्य केलं. मिस्टर टुली यांनी स्वतः उभं राहून चूक दुरुस्त केली, याचीही नोंद घेतो म्हणाले. पण दाखवलेल्या तासांशी तिसरा हिस्सा जुळत नाही. चौथा हिस्सा दिला. मिस हालोरनने आपले कागद भांडी आदळावीत तसे गोळा केले आणि निघून गेली. व्हर्जिल दाराशी घुटमळत होता. तो जिंकला होता, पण वॉरनपुढे आल्यावर त्याने टोपी घातली, काढली, परत घातली आणि जिना उतरला.

आम्ही तिघं बाहेर पायऱ्यांवर आलो. नदीवरून गरम वारा येत होता. लिओना पुढे, तिच्यामागे वॉरन, आणि मी सगळ्यांच्या मागे. मधल्या पायरीवर ती गर्रकन वळली.

"भर कोर्टात मला खोटारडी ठरवलंस," ती म्हणाली. "उभ्या जन्मात एकदा खोटं बोलले. तेही तुझ्यासाठी. तेवढंही तुला टिकू देता आलं नाही?"

"नाही आलं," वॉरन म्हणाला.

"घर गेलं आता."

"गेलं."

"मग उठलास कशाला? मी निभावून नेलं होतं ना? ते लिहूनसुद्धा घेत होते."

वॉरन एक पायरी खाली उतरला. आता दोघं एका उंचीवर आले. "मिसेस बेट्झ," तो म्हणाला, "त्या रविवारांचे पैसे घेतले असते, तर परत तुमच्या दारात कुठल्या तोंडाने उभा राहिलो असतो?"

ॲम्ब्रोजच्या थडग्याशी लिओना रडली नव्हती. दावा जिंकल्याचं कळलं तेव्हा तर तिने हातातलं काम पुरं करून मग मान वर केली होती. आता ती त्या पायरीवर उभी राहून रडायला लागली, तोंड न झाकता, लहान पोरांसारखी. येणारेजाणारे वळून बघत होते. तिला त्याचं काही नव्हतं.

"मग मुळात लिहिलेस तरी कशाला, गाढवा?" ती म्हणाली.

नवी कॉलर वॉरनला काचत असावी, कारण त्याने ती ओढून सैल केली आणि मग बाहीने डोळे पुसले. मी गाडी आणायला गेले, कारण आमच्या तिघांपैकी कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.